तीन अक्षरांची पकड

(यवतमाळ येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

मे महिन्यात यवतमाळात दिवेलागणीच्या आधी घराबाहेर पडण्याचं धाडस केलेल्या श्रोतेहो,

काल याच सभागृहात राजकारणावर व्याख्यान झालं. पाय ठेवायला जागा नव्हती असं मला आल्याआल्या सांगण्यात आलं. आज पाय ठेवायलाच काय, पसरायलाही जागा आहे. (हशा) माझी तक्रार नाही. कूलर मात्र तेवढेच आहेत आणि आवाजही तेवढाच करताहेत. बंद केले तर मी ऐकू येईन, चालू ठेवले तर तुम्ही बसाल. चालू राहू द्या, मी ओरडतो. चाळीस वर्षं वर्गावर ओरडूनच काढली आहेत.

बॅनरवर ‘जीवसृष्टीची सुरुवात’ असं छापलेलं दिसतंय. मी विषय कळवला होता तो असा : ‘आरएनएच्या आखूड धाग्यांना धरून ठेवणारी बलं आणि जनुकीय संकेताचा उगम’. संयोजक म्हणाले, सर, एवढं मावत नाही. त्यामुळे जीवसृष्टीची सुरुवात ऐकायला आलेल्यांना एवढंच सांगतो की, मी त्या सुरुवातीच्या एका कोपऱ्याबद्दल बोलणार आहे. माझ्या मते बाकी सगळं त्या कोपऱ्यातूनच निघालं.

डीएनए म्हणजे काय, आरएनए म्हणजे काय, यात मी वेळ घालवत नाही. तुमच्या घरातली दहावीची पोरं ते पाठ करून बसली आहेत. आरएनएची अक्षरं चार : ए, यू, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द, त्याला कोडॉन म्हणतात. असे शब्द ६४. त्यांतले ६१ शब्द २० अमिनो आम्लांसाठी, ३ थांबण्याच्या खुणेसाठी. या अमिनो आम्लांची माळ म्हणजे प्रथिन. ए समोर यू, जी समोर सी. झालं. आता भांडणाकडे येतो.

हो, भांडणच. शाळेच्या पुस्तकापासून विद्यापीठाच्या फळ्यापर्यंत एक चित्र तुम्ही पाहिलेलं आहे. दोन धागे, मध्ये शिडीच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीत तुटक रेघा. ए-यू मध्ये दोन, जी-सी मध्ये तीन. त्या रेघा म्हणजे हायड्रोजन बंध, आणि दोन धागे एकत्र राहतात ते त्यांच्यामुळे. परीक्षेत हेच उत्तर लिहिलं की पूर्ण गुण. मीही दिले, कारण नियामकांनी दिलेल्या उत्तरपत्रिकेत तेच असायचं. पण आज उत्तरपत्रिका माझ्या हातात नाही आणि सेवानिवृत्त माणसाचं कोणी काही वाकडं करू शकत नाही, म्हणून मोकळेपणानं सांगतो : धागे धरून ठेवण्याचं श्रेय हायड्रोजन बंधाला नको तितकं मिळालं आहे.

विचार साधा आहे. हे धागे कोरड्या जागेत नसतात, पाण्यात असतात. धागे सुटे असताना ए आणि यू काही रिकाम्या हातानं बसलेले नसतात, त्यांचे हायड्रोजन बंध पाण्याशी जुळलेले असतात. धागे जवळ आले की पाण्याशी असलेले बंध तुटतात आणि आपसात जुळतात. एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं घ्यायचं. हिशेबाअंती हाती फारसं काही लागत नाही.

मग धरतं कोण? ही चार अक्षरं म्हणजे सपाट चकत्यांसारखे रेणू आहेत. त्यांच्या कडा पाण्याशी मैत्री करतात, पण सपाट बाजूंना पाणी फारसं मानवत नाही. त्यामुळे त्या एकमेकींवर चढून बसतात. चढून बसल्या की त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या ढगांमध्ये आकर्षणही काम करू लागतं. याला स्टॅकिंग म्हणतात, मी रचण म्हणतो. तुमच्यापैकी अनेकांनी कडब्याची गंजी लावली असेल. ती उभी राहते ती बाजूनं टाकलेल्या दोरीमुळे की पेंढीवर पेंढी नीट बसल्यामुळे? दोरीही लागते, नाही म्हणत नाही. पण पेंढ्या वेड्यावाकड्या टाकून नुसत्या दोरीच्या भरवशावर कोणी गंजी सोडत नाही.

पुरावा द्यायला हवा. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी हे वितळणं स्वतः पाहिलं आहे. बोटाच्या पेरापेक्षा थोडी उंच अशी क्वार्ट्झची चौकोनी कुपी असते. क्वार्ट्झची अशासाठी की साधी काच अतिनील प्रकाश अडवते. कुपीत बघाल तर नुसतं पाणी, आरएनए डोळ्याला दिसत नाही. २६० नॅनोमीटरचा अतिनील किरण आरपार सोडायचा आणि कुपी हळूहळू तापवायची. अक्षरं एकमेकांवर रचलेली असताना प्रकाश कमी शोषतात, सुटी झाली की जास्त. त्यामुळे तापमान वाढत जातं आणि पडद्यावरची रेघ आधी आडवी चालते, मग एका ठिकाणी उचल खाते आणि वर जाऊन पुन्हा आडवी होते. डीएनएच्या बाबतीत ही वाढ ४० टक्क्यांच्या आसपास जाते. मधल्या चढाचा मध्यबिंदू म्हणजे वितळणांक. माझ्यासोबतचे एक प्राध्यापक ती रेघ पाहून म्हणाले, बघा, हायड्रोजन बंध तुटले! मी म्हटलं, साहेब, हा प्रकाश हायड्रोजन बंध मोजतच नाही, तो रचण मोजतोय.

ते रागावले. मग मी त्यांना एकट्या धाग्याची गोष्ट सांगितली. नुसत्या ए-ए-ए-ए अक्षरांचा आरएनए घ्या. साध्या पाण्यात, आम्ल न घालता. त्याला जोडीदार नाही. यू नाहीच, तर ए-यू बंध येणार कुठून? तरीही तापवला की प्रकाश शोषणं हळूहळू वाढत जातं. म्हणजे एकटा असतानाही तो रचलेला होता. यावर उत्तर आलं नाही, चहा आला. (हशा)

आणि याहून पक्का पुरावा आकड्यांत आहे. अमेरिकेत रोचेस्टरला डग्लस टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरएनएच्या असंख्य आखूड जोड्या वितळवून एक तक्ता तयार केला. त्याचं १९९८ सालचं रूप आजही वापरात आहे. पाया त्याआधी बर्कलीच्या इग्नासिओ टिनोको यांनी घातला होता. त्यांनी प्रत्येक पायरीला एकटा आकडा न देता शेजारशेजारच्या दोन पायऱ्यांना मिळून आकडा दिला. असे दहाच आकडे आहेत. त्यांतले फक्त दोन ऐका. एका धाग्यावर आधी जी मग सी असेल, तर उणे ३.४२ किलोकॅलरी. आधी सी मग जी असेल, तर उणे २.३६. उणे जितकं मोठं, तितकी पकड पक्की. दोन्ही ठिकाणी पायऱ्या त्याच, दोन जी-सी जोड्या. तुटक रेघा मोजा : इकडे सहा, तिकडेही सहा. तरी एका किलोकॅलरीहून जास्त फरक पडला, तो कशामुळे? कोण कोणावर कसा बसला, त्यामुळे. उत्तरपत्रिका बदला म्हणतो मी!

हायड्रोजन बंधावर अन्याय करायचा नाही. कोण कोणाशी जुळणार हे तोच ठरवतो. पुणे विद्यापीठातले श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रेणूभोवतीच्या विद्युत विभवाचे नकाशे काढून, कुठला रेणू कुठल्या रेणूसमोर कसा येऊन बसेल हे गणितानं दाखवलं. डीएनएच्या अक्षरजोड्यांवरही त्यांनी ते लावून पाहिलं. मराठी माणसानं, मराठी गावात बसून केलेलं हे जागतिक दर्जाचं काम आहे, आणि आपल्याकडे किती जणांना ते नाव ठाऊक आहे, हात वर करा. तीन. त्यातले दोन माझे विद्यार्थी. असो. माझा वाटा-हिस्सा असा : ओळख हायड्रोजन बंधाची, पकड रचणीची.

तिसरा खेळाडू विरोधी पक्षातला आहे. धाग्याच्या कण्यावर प्रत्येक अक्षरामागे एक फॉस्फेट असतं, आणि प्रत्येकावर ऋण भार. दोन धागे जवळ आले की हे भार एकमेकांना ढकलतात. म्हणून मीठ लागतं, मॅग्नेशियम लागतं. ढकलाढकल मधल्यामध्ये मिटवणारी मंडळी ती. हे खरं कशावरून? भार काढूनच टाका आणि काय होतं बघा. डेन्मार्कच्या पीटर नील्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली तसा रेणू केला, त्याला पीएनए म्हणतात. कण्यावर भार नाही, आणि पकड अधिक घट्ट. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्णा गणेश आणि वैजयंती कुमार यांनी पीएनएच्या कण्यात नाना बदल करून वर्षानुवर्षं काम केलं. गणेश पुढे पुण्याच्या आयसरचे पहिले संचालक झाले. आरएनएच्याही आधी पीएनएसारखं काही असावं, असं म्हणणारा एक पंथ आहे. मी त्या पंथातला नाही, पण त्यांच्या घरी जेवतो. (हशा)

आता मूळ प्रश्न. संकेत तीन अक्षरांचा आहे. तीन अक्षरांचा तुकडा दुसऱ्या तीन अक्षरांच्या तुकड्याला धरतो तरी किती? टर्नरच्या तक्त्यानं हिशेब करू. दोन सुटे तुकडे एकत्र आणायचा खर्च अधिक ४.०९. टोकाला ए-यू जोडी आली की प्रत्येक टोकाचा दंड ०.४५. यू-यू-यू आणि ए-ए-ए घ्या. दोन रचणी, प्रत्येकी उणे ०.९३. बेरीज उणे १.८६. त्यात खर्च आणि दोन दंड मिळवा : अधिक ३.१३. अधिक म्हणजे तोटा. हे दोन तुकडे पाण्यात एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत. ३७ अंश तापमान आणि लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ असतानाचा हा हिशेब आहे. आज आपल्याकडचं तापमान त्याहून जास्तच आहे, तेव्हा तोटाही जास्त.

आणि गंमत बघा. जगात सगळ्यात आधी वाचला गेलेला शब्द नेमका हाच, यू-यू-यू. ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दोन मिनिटं घेतो.

१९६१ साल. अमेरिकेतल्या बेथेस्डाला मार्शल निरेनबर्ग नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ होता. मोठ्या वर्तुळात त्याला कोणी ओळखत नव्हतं. मोठं वर्तुळ म्हणजे कोण? जॉर्ज गॅमो या भौतिकशास्त्रज्ञानं ‘आरएनए टाय क्लब’ नावाचं मंडळ काढलं होतं. सभासद २०, कारण अमिनो आम्लं २०. प्रत्येकाला खास टाय आणि एकेका अमिनो आम्लाच्या नावाची टायपिन. क्रिक, वॉटसन, फाइनमन अशी बडी मंडळी. संकेत कसा असेल यावर ते कागदावर गणितं करायचे. एकाहून एक देखणी गणितं होती, आणि निसर्गानं त्यातलं एकही उचललं नाही. निरेनबर्गला टाय मिळालेला नव्हता. त्याच्याकडे हाइनरिश मॅथाई नावाचा एक जर्मन तरुण आला होता, तोही क्लबाबाहेरचाच. त्यांनी काय केलं? जिवाणू कुटून त्यांचा रस काढला आणि त्यात नुसत्या यू अक्षरांचा लांब आरएनए टाकला. निरेनबर्ग त्या वेळी कॅलिफोर्नियाला गेलेला. मॅथाई एकटा रात्रभर जागत होता. वीस अमिनो आम्लांपैकी एकेकाला किरणोत्सारी खूण लावून बघत होता. २७ मे रोजी पहाटे आकडा चढला तो फक्त फिनिलॲलनिनच्या नळीत. म्हणजे यू-यू-यू म्हणजे फिनिलॲलनिन! सगळ्या जगात ही गोष्ट त्या पहाटे एका माणसाला ठाऊक होती.

मग ऑगस्टमध्ये मॉस्कोला जीवरसायनशास्त्राची जागतिक परिषद. निरेनबर्गला वेळ मिळाला तो एका छोट्या खोलीत. माणसं किती? आज इथे आहेत त्याहून कमी. (हशा, टाळ्या) टाळ्या कशाला, मी तुम्हालाच धीर देतोय. पण त्या थोड्या माणसांत मॅथ्यू मेसेलसन होता. त्यानं ऐकलं आणि धावत जाऊन क्रिकला सांगितलं. क्रिकनं, हा क्रिकचा मोठेपणा, निरेनबर्गला मोठ्या सभागृहात तेच भाषण पुन्हा द्यायला लावलं. टाय क्लबाची सात वर्षांची गणितं त्या दिवशी संपली. पुढे आपल्या हरगोविंद खुराणांनी ठरवलेल्या क्रमाचे आरएनए रसायनानं बनवून उरलेले शब्द पक्के करायला हात लावला, आणि १९६८ साली निरेनबर्ग, खुराणा, हॉली यांना नोबेल मिळालं. मॅथाईला मिळालं नाही. आमच्याकडे विज्ञानाची पुस्तकं लिहिणारे मॅथाईचं नाव गाळतात, म्हणून मी ते मुद्दाम दोनदा घेतो : हाइनरिश मॅथाई.

संयोजकांची पहिली चिठ्ठी आली आहे. दोन मिनिटांची दहा झाली म्हणताहेत. मान्य. पण गोष्ट उगाच सांगितली नाही. त्यांच्या नळीत मॅग्नेशियम पेशीतल्यापेक्षा जास्त पडलं होतं. ते तसं नसतं, तर सुरुवातीची खूण नसलेला तो नुसत्या यूंचा धागा वाचलाच गेला नसता. फॉस्फेटची ढकलाढकल आठवा. माझा विषय तिथेही आहे.

तर पेच असा : ज्या तुकड्याला तक्ता तोट्यात दाखवतो, तोच पेशीत अचूक वाचला जातो. कसा? अमिनो आम्ल वाहून आणणारा जो आरएनए, टीआरएनए, त्याच्या टोकाला सात अक्षरांचा फास असतो. त्यातली मधली तीन अक्षरं कोडॉनला जुळतात. १९६७ साली फुलर आणि हॉजसन यांनी रेणूच्या नमुन्यावरून सांगितलं, की या फासातली अक्षरं आधीच एका बाजूवर एकावर एक रचलेली असणार. १९७४ साली क्ष-किरणांनी रचना उलगडली, आणि रचण तशीच निघाली. तीन अक्षरांच्या शेजारी, ३७व्या जागी, जवळजवळ नेहमी ए किंवा जी असतो. हे दोन चांगले रुंद रेणू आहेत. ते या छोट्याशा जोडीवर वरून बसतात. १९७६ साली ग्रोजाँ, झोल आणि क्रोदर्स यांनी एकमेकांना पूरक फास असलेले दोन टीआरएनए समोरासमोर आणले. सुट्या तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांपेक्षा त्यांची पकड दशलक्ष पटींच्या घरात निघाली. अक्षरं तीच, हायड्रोजन बंध तेवढेच. म्हणजे वाढ कुठून आली, हे मी आता सांगत नाही, तुम्हीच सांगा. (श्रोत्यांतून : ‘रचण!’) शाब्बास. हा वर्ग पास.

राहिलेलं काम प्रथिनाची माळ ओवणारा रायबोसोम करतो. पहिल्या दोन जोड्या नीट जुळल्या की नाही हे तो स्वतःचे दोन ए आत खुपसून तपासतो, तिसऱ्या जोडीला थोडी ढिलाई देतो. हे २००१ साली ज्यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, ते व्यंकटरामन रामकृष्णन बडोद्यात शिकले, महाराजा सयाजीराव विद्यापीठात. २००९ सालच्या नोबेलची बातमी आली तेव्हा तामिळनाडूनं आनंद केला, गुजरातनं केला. गायकवाडांच्या नात्यानं आपणही थोडा करायला हरकत नव्हती.

आता खरा डाव. हा फास आला कुठून, रायबोसोम आला कुठून? सुरुवातीला तर यातलं काहीच नव्हतं. उघडे, आखूड धागे होते. क्रिकनं १९६८ साली लिहिलं, की संकेत हा गोठलेला अपघात असू शकतो. कुठला तरी शब्द कुठल्या तरी अमिनो आम्लाला चिकटला, आणि नंतर बदलणं महागात पडलं म्हणून तसाच राहिला. क्रिकबद्दल माझ्या मनात आदर आहे, आत्ताच सांगितलं. पण अपघात हा शब्द मला पटत नाही. अपघात झाला म्हणणारा माणूस सहसा गाडी कोणी चालवली ते सांगत नाही. (हशा)

तक्ता पुन्हा हातात घ्या. ६४ शब्दांच्या एकमेकांना पूरक अशा ३२ जोड्या होतात. प्रत्येकीचा हिशेब केला, तर सगळ्यात घट्ट जोडी कुठली? जी-जी-सी आणि जी-सी-सी. रचणी उणे ३.२६ आणि उणे ३.४२, बेरीज उणे ६.६८, त्यात खर्च ४.०९ मिळवला की उणे २.५९. तीन अक्षरांच्या अख्ख्या राज्यात याहून मोठा उणे आकडा नाही. आता हे दोन शब्द आजच्या संकेतात कोणासाठी आहेत? जी-जी-सी म्हणजे ग्लायसिन. जी-सी-सी म्हणजे ॲलनिन. २० अमिनो आम्लांतली सर्वांत साधी दोन! १९५३ साली स्टॅन्ले मिलरनं मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्यात ठिणग्या पाडल्या, तेव्हा हीच दोन ठळकपणे मिळाली. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावी उल्का पडली, तिच्यातही ही दोन सापडली.

आता मधलं अक्षर बदला. जी-ए-सी आणि जी-यू-सी, याही एकमेकींच्या पूरक. एकूण उणे ०.५०. अजून तोट्यात नाहीत. शब्द कोणाचे? ॲस्पार्टिक आम्ल आणि व्हॅलिन. हीही जुन्या घराण्यातलीच. हे माझ्या पदरचं नाही. मान्फ्रेड आयगेन आणि पीटर शूस्टर यांनी १९७८ साली, टर्नरचा हा तक्ता येण्याच्या कितीतरी आधी, पहिले शब्द जी-जी-सी आणि जी-सी-सी असावेत असं मांडलं होतं. मी फक्त म्हणतो, की जे शब्द उघड्यावर, फासाच्या आणि रायबोसोमच्या मदतीशिवाय, थोडे तरी टिकू शकत होते, ते त्या वेळी उपलब्ध असलेल्या अमिनो आम्लांना मिळाले. यू-यू-यू सारखे शब्द यंत्रणा तयार झाल्यावर वाटले गेले. त्याचं फिनिलॲलनिन बघा, केवढं बोजड अमिनो आम्ल!

मागच्या ओळीतून एक दादा मघापासून हात वर करून आहेत. विचारा. (श्रोता : ‘सर, हे आमच्या कापसाले काय कामाचं?’) रास्त प्रश्न आहे, यवतमाळात हा प्रश्न आला नसता तर मलाच वाईट वाटलं असतं. थोडक्यात सांगतो. फायर आणि मेलो यांनी १९९८ साली दाखवलं, २००६ साली त्यांना नोबेल मिळालं : दुहेरी आरएनए पेशीत गेला तर तो नेमून दिलेल्या जनुकाचं तोंड बंद करतो. आधी त्याचे २१ अक्षरांच्या आसपासचे तुकडे होतात, हे नंतर कळलं. गुलाबी बोंडअळीवर हा उपाय करून बघण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांमध्ये झाले आहेत. तुमच्या शिवारात त्याची बाटली मिळते का? नाही. उद्या कोणी विकायला आला तर पावती मागा. आणि आरएनए किती नाजूक, हे करोनाच्या लशींच्या वेळी आपण पाहिलं. काहींना उणे अंशाचे फ्रीज लागायचे. पुण्याच्या जिनोव्हाची जी लस २०२२ साली मंजूर झाली, ती वाळवलेली पूड होती, साध्या फ्रीजमध्ये राहणारी. वाळवली की टिकते, हे ध्यानात ठेवा, कारण मला आता नेमकं वाळवण्याकडेच यायचं आहे.

सुटी अक्षरं जोडून धागा व्हायचा म्हणजे प्रत्येक जोडाला पाण्याचा एक रेणू बाहेर पडायला हवा. भरपूर पाण्यात तो बाहेर पडत नाही. म्हणून ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असे फेरे लागतात. पुण्याच्या आयसरमध्ये सुधा राजमणी यांचा गट हेच करतो. अक्षरं, स्निग्ध रेणू, आम्लधर्मी गरम पाणी, मग वाळवणं, पुन्हा भिजवणं. धागे होतात. पण चैतन्य मुंगी आणि त्यांनी २०१५ साली ते धागे तपासले तेव्हा एक विलक्षण गोष्ट निघाली : कणा होता, अक्षरं गळून गेली होती! आम्ल आणि उष्णतेत साखरेशी असलेला अक्षराचा जोड तुटतो. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, प्रयोग फसला. त्यांनी तेच छापलं, आणि मग न गळणारी अक्षरं कुठली असू शकतील याच्या मागे लागले. आजची चार अक्षरं पहिलीच नसतील. हे माझ्या मताच्या विरोधात जातं का? अजिबात नाही. अक्षरं दुसरी असली तरी सपाटच असणार, रचणारच. (हशा) हसा खुशाल.

मला हमखास विचारतात, सर, मग लोणार? आपल्या बुलढाण्याचं सरोवर, १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, खारं पाणी, उन्हाळ्यात काठ कोरडा. सगळं जमून येतं. दोन अडचणी. एक, तिथलं पाणी अल्कधर्मी, सामू १० च्या आसपास. अशा पाण्यात आरएनए स्वतःच स्वतःला कापतो. दोन, लोणार म्हणजे कालचं पोर. ज्या काळ्या दगडात ते झालं तो दगडच साडेसहा कोटी वर्षांचा. आपल्याच जिल्ह्यात वणी-मुकुटबनकडे सिमेंटसाठी जो चुनखडक फोडतात, तो त्याहून कितीतरी पटींनी जुना आहे. पण तो खडक समुद्राच्या तळाशी बसत होता तेव्हाही संकेत ठरून युगं लोटली होती. तेव्हा लोणारला जा, बघण्यासारखं आहे, पण आपल्या पूर्वजांचं घर म्हणून नका जाऊ.

दुसरी चिठ्ठी. यावर ‘आभार’ एवढंच लिहिलं आहे. आणि नेमका आत्ता इकडून एका मुलीचा हात वर. बी.एस्सी.ला आहेस का? विचार. (विद्यार्थिनी : ‘सर, तुमच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर कोणती जोडी येते?’)

बघा, मी दोन जोड्या सांगितल्या आणि मधली जागा घाईत सोडली, ती हिनं पकडली. दुसरी जोडी जी-जी-जी आणि सी-सी-सी, उणे २.४३. ग्लायसिन आणि प्रोलिन. चालेल. तिसरी सी-जी-सी आणि जी-सी-जी, उणे १.६९. अर्जिनिन आणि ॲलनिन. अर्जिनिन हे मोठं, गुंतागुंतीचं, मिलरच्या काचेत न मिळालेलं अमिनो आम्ल आहे. ते इतक्या वर काय करतंय? माझ्या बाजूनं उत्तर आहे. थॉमस ज्यूक्स यांनी १९७३ साली अर्जिनिनला घुसखोर म्हटलं होतं, आधी दुसऱ्याच अमिनो आम्लाकडे असलेले शब्द त्यानं नंतर बळकावले म्हणून. मला ते पटतं. तुला पटलंच पाहिजे असं नाही, आणि समोर बसलेल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना तर पटलेलं नाहीच, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतंय. कूलरकडे बघू नका सर, वीज गेली तरी मी एवढं वाक्य पूर्ण करणार.

टर्नरचे दहा आकडे मी या टेबलावर लिहून ठेवतो आहे. ३२ जोड्यांचा हिशेब वहीच्या दोन पानांत मावतो, बेरजेपलीकडे गणित लागत नाही. कॉलेजच्या मुलांनी तो करावा, प्रत्येक शब्दासमोर त्याचं अमिनो आम्ल लिहावं, आणि माझं म्हणणं जिथे टिकत नाही तिथे लाल शाईनं खूण करून ते पान संयोजकांकडे द्यावं. पुढच्या वर्षी इथे कोण बोलणार हे अजून ठरलेलं नाही. त्या खुणा घेऊन इथे उभं राहायची ज्याची तयारी असेल, त्याच्यासाठी माझ्या नावाची शिफारसचिठ्ठी आत्ताच लिहून देतो.